‘प्रतिसाद’ कोणाचा? : धातु-नायट्राइडांच्या मराठीची एक समीक्षा

१

शास्त्रीय मराठीची चर्चा आपल्याकडे बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. अमुक इंग्रजी संज्ञेला अमुक प्रतिशब्द योग्य की अयोग्य, तो संस्कृतोद्भव असावा की परकी शब्द तसाच ठेवावा, एवढ्या दोन प्रश्नांभोवती हा वाद फिरत राहतो. परिभाषा वाक्यात बसल्यावर तिचे काय होते, तिच्याभोवतीचे क्रियापद, समास आणि विभक्ती विषयाला उजेडात आणतात की झाकून टाकतात, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात अशी चिकित्सा एका अगदी लहान लेखनाच्या आधारे करावयाची आहे.

ते लेखन म्हणजे चार पानांचा एक मसुदा. विश्रांतवाडीत आमच्याच इमारतीत भाड्याने राहणारा एक संशोधक विद्यार्थी रसायनशास्त्रात काम करतो. अतिनील किरणांना प्रतिसाद देणारे धातु-नायट्राइडांचे अतिसूक्ष्म कण बनविणे हा त्याचा विषय. ज्या गावच्या शाळेत तो शिकला तेथे या विषयावर मराठीतून बोलण्याचे त्याने मान्य केले होते. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी पुण्यात येते त्या दिवशी आमच्याकडचा आळंदी रस्ता वाहनांना बंद असतो. प्रयोगशाळेत जाणे शक्य नव्हते, म्हणून तो मसुदा घेऊन माझ्याकडे आला. “सर, फक्त मराठी बघून द्या. विषय बरोबर आहे,” असे तो म्हणाला. विषय बरोबर आणि मराठी तेवढी तपासावयाची, ही विभागणी मला तेव्हा साधी वाटली. ती तशी नव्हती, हेच या लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. कारण वस्तू नीट कळल्याशिवाय शब्दावर टीका करणे हा भाषाशास्त्राचा व्यभिचार होय.

नायट्रोजन आणि त्याहून कमी विद्युत्ऋण असे एखादे मूलद्रव्य यांचे संयुग ते नायट्राइड. ॲल्युमिनियम, गॅलियम आणि इंडियम या तीन धातूंची नायट्राइडे प्रकाशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरली आहेत. अशा पदार्थातील इलेक्ट्रॉन बांधलेल्या स्थितीतून मोकळ्या स्थितीत जावयाचा तर त्याला ऊर्जेची एक ठराविक पायरी चढावी लागते. गॅलियम नायट्राइडमध्ये ही पायरी सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी आहे. म्हणजे सुमारे ३६५ नॅनोमीटर वा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाशच ती चढवू शकतो. ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये ती सुमारे ६.२ आहे, तेथे २०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. इंडियम नायट्राइडची पायरी अवघी ०.७ च्या सुमारास असल्याने ते अवरक्त प्रकाशानेही जागे होते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. अर्थात पहिल्या दोन पदार्थांना दिव्याचा साधा उजेड पुरत नाही. कण काही थोड्या नॅनोमीटरइतके लहान झाले म्हणजे ही पायरी आणखी उंच होते. आकार हाच गुणधर्म ठरवू लागतो, हे या संशोधनाचे मर्म.

या कुळाचे लौकिक महत्त्व निळ्या दिव्यामुळे सर्वांना कळले. गॅलियम नायट्राइडवर आधारलेल्या निळ्या प्रकाशाच्या डायोडसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी असलेले पांढरे एलईडी दिवे त्याच निळ्या डायोडवर पिवळे दीपक द्रव्य चढवून केलेले असतात.

हे पदार्थ बनविण्याच्या रीती अनेक. गॅलियम ऑक्साइड ९०० ते १००० अंश सेल्सियसला तापवून त्यावरून अमोनिया सोडणे ही एक जुनी रीत. १९९६ साली चिनी संशोधकांनी बंद पात्रात, बेंझीनमध्ये, लिथियम नायट्राइड व गॅलियम क्लोराइड यांची क्रिया २८० अंशांनाच घडवून सुमारे ३० नॅनोमीटरचे कण मिळविले. तिसरी रीत विद्युत्कमानीची: नायट्रोजनच्या वातावरणात कमान पेटवावयाची, तिच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची वाफ होते, वाफेचा नायट्रोजनशी संयोग होतो आणि थंड भिंतीवर भुकटी जमते. या रीतीने घन स्फटिकरचनेच्या ॲल्युमिनियम नायट्राइडच्या तारा व कण मिळाल्याचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पुणे विद्यापीठातील संशोधकांचा वाटा होता. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातला आहे, दूरचा नव्हे. त्याविषयी मराठीत बोलणारा माणूस परदेशी नवल सांगत नसून शेजारच्या घरातील काम सांगत असतो.

३

आता मसुद्याकडे वळू. पहिल्याच वाक्यात ‘धात्विक नायट्राइड’ असा प्रयोग होता. येथे एका विशेषणाने अर्थ बिघडविला आहे. ‘धातूचे नायट्राइड’ आणि ‘धातूसारखे नायट्राइड’ या दोन भिन्न गोष्टी. ॲल्युमिनियम नायट्राइड हे शुद्ध स्थितीत विजेला अडविते. त्यात धातूपणाचे काही नाही. टायटॅनियम नायट्राइड मात्र सोनेरी चमकते आणि वीज वाहते. ‘धात्विक’ म्हटल्याने हा भेद पुसला जातो. मराठीची षष्ठी येथे संस्कृत तद्धितापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. ‘धातूंची नायट्राइडे’ एवढेच म्हटले की काम होते.

‘नायट्राइड’ हा शब्द मी तसाच ठेवला. १७८७ साली लव्हॉझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रासायनिक नामकरणाची जी पद्धती घातली तिच्यात प्रत्ययच अर्थ वाहतो. नायट्राइड, नायट्राइट आणि नायट्रेट हे तीन शब्द तीन भिन्न संयुगवर्ग दाखवितात. पहिल्यात ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात व तिसऱ्यात आहे. ही पद्धती मोडून एकएका शब्दाला संस्कृत पर्याय घडविणे म्हणजे एका भिंतीतील सुट्या विटा उपटून नेणे. परंतु मराठी कानाला येथे एक धोका आहे. नायट्राइड आणि नायट्राइट यांत फरक केवळ अंत्य ‘ड’ आणि ‘ट’ यांचा. भराभर बोलताना तो हरवतो. यास्तव शब्द ठेवावा, पण पहिल्या उच्चारालाच त्याची फोड सांगावी.

ती फोड कोणत्या शब्दांत सांगावी? मसुद्यात ‘नायट्रोजन वायू’ होता. मी समासात ‘नत्र’ असे लिहिले. ‘नत्र, स्फुरद, पालाश’ ही त्रयी खताच्या गोणीबरोबर महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात पोचलेली आहे. हा शब्द पुस्तकातून रानात गेला आणि तेथे रुजला. जारक, प्रांगार हे त्याचे सोबती कोशात राहिले. याचे कारण शब्दांच्या सौंदर्यात नाही. ‘नत्र’ या शब्दाला पिकाची गरज मिळाली, दर हंगामाला तो उच्चारावा लागला. श्रोत्यांच्या घरी जो शब्द आधीच राहतो आहे त्याला सोडून वक्त्याने परका शब्द का आणावा? ‘युरियात जो नत्र असतो तोच येथे ॲल्युमिनियमला बांधलेला असतो’ या वाक्याने शाळेतील मुलाला अर्धा विषय कळतो. उरलेला अर्धा नाकाने कळावा असा आहे. ॲल्युमिनियम नायट्राइडची बारीक भुकटी दमट हवेत राहिली तर हळूहळू तिचे हायड्रॉक्साइड होते आणि अमोनिया सुटतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकाला झोंबणारा जो दर्प येतो त्यात हाच वायू असतो. हा अनुभव मसुद्यात नव्हता. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र ‘अमोनियाचा वास आला, नमुना खराब’ अशी नोंद होती. जे प्रयोगशाळेत मराठीत घडले ते व्याख्यानाच्या मराठीत आले नाही.

‘अब्जांश कण’ या शब्दाविषयी मी अधिक कठोर आहे. नॅनो या उपसर्गाचे मूळ ग्रीक भाषेत ‘बुटका’ असे आहे. १९६० साली मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला अब्जाव्या भागाचा अर्थ रीतसर देण्यात आला. लीलावतीतील गणनेतही अब्ज म्हणजे शंभर कोटीच. तेव्हा ‘अब्जांश’ हा शब्द मापाचा उपसर्ग म्हणून निर्दोष आहे. दोष समासात आहे. दशांश, षष्ठांश, शतांश हे शब्द मराठीत ‘कशाचा तरी भाग’ सांगतात. ‘अब्जांश कण’ ऐकताच सहज अर्थ होतो तो कणाचा अब्जावा भाग. मीटरचा अब्जावा भाग हे त्यात कोठेच येत नाही. ज्याला विषय माहीत आहे त्यालाच समजणारी ही संज्ञा आहे, आणि अशी संज्ञा श्रोत्याला उपयोगी नाही. ‘नॅनोकण’ हा संकर तिच्याहून बरा. पोलीसपाटील, रेल्वेमार्ग, डाकबंगला यांसारखे संकर मराठीने कधीच आपले केले आहेत.

४

आता ज्या शब्दावर माझी स्वतःची चूक झाली तो शब्द. मसुद्यात सर्वत्र ‘अतिनील’ होते. ते मी सर्वत्र खोडून ‘जंबुपार’ केले.

माझा युक्तिवाद असा होता. शाळेत मुले वर्णपटाचा क्रम ‘तानापिहिनिपाजा’ असा घोकतात. त्यात निळ्यानंतर पारवा येतो आणि पारव्यानंतर जांभळा. जांभळ्याच्या पुढचा जो अदृश्य प्रकाश, त्याला ‘नीलाच्या पलीकडचा’ म्हणणे म्हणजे दोन घरे चुकणे होय. शिवाय ‘अति’ या उपसर्गाचा ‘पलीकडे’ हा अर्थ संस्कृतात जिवंत आहे, मराठीत तो अतींद्रिय, अतिक्रमण अशा तयार तत्सम शब्दांपुरताच उरला आहे. अतिवृष्टी, अतिशहाणा, अतिरेक या शब्दांवर वाढलेल्या कानाला ‘अतिनील’ म्हणजे ‘फार निळे’ असेच वाटते. उलट ‘जंबुपार’ पाहा. जांभळा हा रंगच मराठीने जांभळावरून घेतला. ‘पार’ हे उत्तरपद हद्दपार, तडीपार या शब्दांत रोजच्या वापरात आहे. रचना अचूक, अर्थ अचूक आणि मराठी विश्वकोशाचा आधार.

या युक्तिवादातील एकही विधान मला आजही चुकीचे वाटत नाही. तरी निष्कर्ष चुकला. व्याख्यान झाल्यावर विद्यार्थ्याने सांगितले की, ‘जंबुपार’ हा शब्द उच्चारताच वर्ग गप्प झाला. जंबुद्वीपाशी त्याचा काही संबंध आहे का, असे एका मुलाने विचारले. अखेर शिक्षकांनी मागून सांगितले, ‘अरे, आपल्या पुस्तकातले अतिनील.’ मग मुले मोकळी झाली. नंतर त्याने फळ्यावर ‘तानापिहिनिपाजा’ लिहून शेवटच्या ‘जा’ पुढे एक बाण काढला आणि ‘येथून पुढे’ एवढेच म्हटले. त्याला जे सांगावयाचे होते ते त्या बाणाने सांगितले.

येथे मी कोणता नियम मोडला? शब्दाची पारदर्शकता ही गरज त्याच्या पहिल्या भेटीपुरती असते. एकदा शब्द रुजला की त्याची व्युत्पत्ती झोपी जाते, आणि ती झोपलेलीच बरी. पारा हा द्रव असूनही धातूच म्हणवतो. ‘तेल’ या शब्दात तीळ आहे म्हणून शेंगदाण्याचे तेल आपण नाकारीत नाही. ‘अतिनील’ पाठ्यपुस्तकांतून एका पिढीच्या तोंडी बसला आहे. त्याची व्युत्पत्ती दुरुस्त करण्याच्या मोहात मी श्रोत्यांच्या हाती असलेले साधन काढून घेतले. ‘नत्र’ या शब्दाला लावलेली कसोटी मी ‘अतिनील’ला लावली नाही, एका ठिकाणी रूढी मानली आणि दुसऱ्या ठिकाणी तर्क. ही विसंगती भाषाशास्त्राच्या पदवीधराला शोभणारी नव्हे.

या किरणांचे नामकरण पूर्वी निराळ्या तत्त्वावर झाले होते, हेही येथे नमूद करावे. १८०१ मध्ये रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला जांभळ्याच्या पलीकडे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड अधिक वेगाने काळवंडते असे दिसले. त्यानंतर बराच काळ या किरणांना ‘रासायनिक किरण’ म्हणत. ते कोठे आहेत यापेक्षा ते काय करतात यावरून ते नाव पडले होते. स्थानावरून नाव आले ते मागाहून, आणि आपला सारा वाद त्या स्थानवाचक नावाच्या भाषांतराचा आहे. किरण काय करतात, हा प्रश्न तसाच राहिला. आणि मसुद्यातील खरा दोष तेथेच होता.

५

तो दोष दोन क्रियापदांत आहे. पहिले ‘संश्लेषित केले गेले’, दुसरे ‘प्रतिसाद देतात’.

‘कण संश्लेषित केले गेले’ हे इंग्रजी कर्मणी प्रयोगाचे कलेवर आहे. इंग्रजी शास्त्रीय गद्याला कर्ता लपविण्यासाठी त्याची गरज पडते. मराठीला पडत नाही. कारण मराठीजवळ ‘करणे’ आणि ‘होणे’ ही जोडी आहे. प्रयोगशाळेतील बोली ऐकली तर ती ही जोडी अचूक वापरते: ‘सँपल ॲनील केले’, पण ‘पावडर काळी झाली’. नामे इंग्रजी असली तरी व्याकरण पक्के मराठी आहे, आणि त्या व्याकरणात पदार्थविज्ञान आहे. विद्युत्कमानीत माणूस कमान पेटवितो, वायू सोडतो, भिंत थंड ठेवतो. एवढे तो करतो. वाफ होते, संयोग होतो, कण जमतात. हे त्याच्या हाताबाहेर घडते. माणसाच्या आणि पदार्थाच्या वाट्याची ही विभागणी म्हणजेच प्रयोगाची कृती. ‘केले गेले’ या एका साच्यात ती नाहीशी होते. मग कणाचा आकार आपण कोठे बदलू शकतो आणि कोठे शकत नाही हे वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

‘प्रतिसाद’ हा शब्द गोड आहे. साद आणि पडसाद यांची आठवण करून देणारा आहे. पण या मसुद्यात त्याने तीन निरनिराळ्या घटनांवर एकच पांघरूण घातले होते. अतिनील प्रकाश पडला असता काही नमुने वीज अधिक वाहू लागतात. त्यांचा उपयोग ज्योत ओळखणाऱ्या संवेदकात होऊ शकतो. काही नमुने घेतलेली ऊर्जा अधिक लांब तरंगांच्या प्रकाशाच्या रूपाने परत टाकतात. त्यांचा उपयोग दीपनासाठी. काहींच्या पृष्ठभागावर सुटलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूशी क्रिया करतो. तेथे कण प्रकाशाच्या साहाय्याने उत्प्रेरक होतो. पहिली पायरी तिन्हींत एकच: इलेक्ट्रॉन वर चढतो. त्यानंतर तो वाहून जातो, की प्रकाश टाकून खाली येतो, की परक्या रेणूकडे जातो, यावर सारे अवलंबून. एका नमुन्यात एक वाट वाढली की दुसरी तेवढी घटते. जो संवेदक करू पाहतो त्याला नको असलेली गोष्ट दिवा करू पाहणाऱ्याला हवी असते. ‘प्रतिसाद देतात’ या वाक्यात ही स्पर्धा कोठेच नाही.

मी विद्यार्थ्याला विचारले, “तुझ्या कणांचा प्रतिसाद यांपैकी कोणता?” तो थांबला. त्याने प्रकाशाचे शोषण मोजले होते. वीज मोजलेली नव्हती. म्हणजे त्याला एवढेच म्हणता येत होते की, त्याचे कण अतिनील प्रकाश शोषतात. ‘प्रतिसाद’ हा शब्द त्याच्या इंग्रजी टिपणातही होता आणि तेथे तो कोणाला खटकला नव्हता. मराठीत वाक्य पुरे करताना, ‘कण काय करतात?’ या प्रश्नाला क्रियापद शोधताना, तो उघडा पडला. शब्दांचा दोष म्हणून मी हाती घेतलेली गोष्ट प्रत्यक्षात अनुमानाचा दोष निघाली.

त्याच जातीचा आणखी एक शब्द. २८० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा सूर्यप्रकाश वरच्या वातावरणातील ओझोन शोषून घेतो. तो जमिनीपर्यंत येत नाही. म्हणून केवळ याच पट्ट्यातील प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाला भर दुपारीही ज्योत ओळखता येते, सूर्य आड येत नाही. अशा संवेदकाला मसुद्यात ‘सूर्यांध’ म्हटले होते. मदांध म्हणजे मदाने आंधळा, रातांध म्हणजे रात्री आंधळा. त्याच चालीने सूर्यांध म्हणजे सूर्याने दिपून गेलेला. अर्थ नेमका उलटा झाला! येथे समास टाकून ‘ज्याला सूर्य दिसत नाही पण ज्योत दिसते असा’ एवढे लांब वाक्य लिहिणे हाच शहाणपणा.

६

यावर आक्षेप येईल तो असा: शाळेतील एका व्याख्यानाच्या मसुद्यावर एवढी चिकित्सा कशाला? संशोधन तर इंग्रजीतच प्रसिद्ध होते. आक्षेप अर्धा खरा आहे. मराठीतून मूळ संशोधन लिहिले जाईल अशी आशा मी येथे मांडीत नाही. परंतु पुण्यासारख्या शहरातील अनेक संशोधक मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितात, आणि या दोहोंमधील जागा कोणी तपासत नाही. इंग्रजी साचे पाठ झालेले असतात. त्यांत न कळलेली गोष्टही सुबक बसते. मराठीत तसे साचे अजून घट्ट झालेले नाहीत. ही उणीव खरी, पण तिचा एक लाभ असा की, न कळलेली गोष्ट येथे लपत नाही, निदान ‘केले गेले’ आणि ‘प्रतिसाद’ यांचे साचे आपण आयात करीत नाही तोवर.

यावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. परिभाषा निवडताना श्रोत्याच्या घरी आधीच असलेला शब्द प्रथम शोधावा. तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने लंगडा असला तरी चालेल. जेथे नामकरणाची एक पद्धती आहे तेथे ती अखंड घ्यावी. समास बोलून पाहावा आणि विषय न जाणणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा. कर्मणी प्रयोग आला की ‘केले’ की ‘झाले’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि एखादे क्रियापद तीन गोष्टींना चालत असेल तर आपण त्यांपैकी कोणती पाहिली ते लिहावे.

विद्यार्थ्याने मसुदा पुन्हा लिहिला. ‘प्रतिसाद’ हा शब्द त्याने शीर्षकात ठेवला आणि आत ‘शोषतात’ असे केले. वीज मोजण्याची तजवीज तो करीत आहे. ती मोजली गेल्यावर शीर्षक खरे ठरेल किंवा बदलावे लागेल. त्याची वाट पाहणे एवढेच आता माझ्या हाती आहे.